चिमट्याइतकंच

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार पुढच्या पत्रात. या पत्रात भांडण आहे.

फोनवर सांगून पाहिलं. पण तू कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून फोन उचलतेस, आणि मी "आतून जाळलं गं" म्हणून ओरडले तर "दूध का?" असं विचारतेस. शेजारच्या खोलीत माझे सासरे दचकून उठले, तुला मात्र पत्ता नाही. तेव्हा कागदच बरा.

परवा मी तुझ्या त्या ओपीडीत गेले होते. तुझ्याच म्हणते, कारण एकतीस वर्षं तू तिथे सिस्टर होतीस आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिथला वॉचमन मला "सिस्टरांची भाची" म्हणूनच ओळखतो. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडावर खराब पेशी निघाल्या, त्या आत्ताच जाळून टाकल्या की पुढे कॅन्सर होण्याची भीती जवळजवळ जाते, हे सगळं तूच मला समजावलं होतंस. आणि वर म्हणाली होतीस, "अगं, मी स्वतः करून घेतलंय. टेबलावरून उतरले आणि अर्ध्या तासात परत ड्युटीला लागले." मी मान डोलावली. तिथे गेल्यावर हातात तीन घड्यांचं एक पत्रक देतात. मधल्या घडीत लिहिलंय, 'चिमटा काढल्याइतकंच दुखतं, तेही क्षणभर.'

क्षणभर! आत्या, समोर भिंतीवर घड्याळ होतं. चाळीस सेकंद. ते गरम टोक आत टेकवलं आणि पोटातून, कमरेतून, थेट मांड्यांपर्यंत असा काही पिळा आला की मला माझाच आवाज ओळखू येईना. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "झालं, झालं." झालं नव्हतं. चाळीस सेकंद संपल्यावर म्हणाल्या, "डाग मोठा आहे, अजून एकदा लावू." मी म्हटलं, "थांबा." तर म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी? मुलं झालीत ना तुम्हाला?"

मी उठले. ते आतलं अवजार काढा म्हटलं, कपडे सारखे केले आणि चालत बाहेर आले.  निघताना हातात दिलेला कागद घरी येऊन वाचला तर त्यावर लिहिलेलं, 'रुग्णाने सहकार्य केले नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली. मी चौदा वर्षं छापखान्यात घडीच्या मशीनवर उभी आहे. अंगठ्याचं नख मशीनमध्ये गेलं तेव्हा मी आधी मशीन बंद केलं आणि मग "आई गं" म्हटलं. आणि मी सहकार्य केलं नाही!

सगळ्यात जिव्हारी काय लागलं सांगू? ते पत्रक आमच्याच छापखान्यात छापतात. ती मधली घडी मीच घालते. हजारोंनी घातल्या असतील आणि एकदाही आत काय लिहिलंय ते वाचलं नाही.

उरलेला डाग जाळायला सहा आठवड्यांनी, म्हणजे १८ मार्चला, परत बोलावलंय. मी जाणार नाही. पण ते वाक्य कोणी लिहिलं त्याचा शोध घेणार आहे. सापडू दे एकदा. चिमटा म्हणजे काय ते दाखवते त्याला, चांगला चाळीस सेकंद.

तुझी (आणि रडूबाई नसलेली)
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. उभ्या उभ्या पत्र वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

काही दिवस अंगावरून पाणी जाईल. तीन-चार आठवडेसुद्धा जातं, घाबरू नकोस. पण रक्त जास्त जायला लागलं, ताप आला किंवा वास यायला लागला तर त्याच दिवशी दाखव. कागदाची रिमं उचलायची नाहीत. तुमच्या फोरमनला सांग, आत्याने सांगितलंय म्हणून सांग. तो मला घाबरतो, त्याच्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत मी होते.

"जाणार नाही" हे तू लिहिलेलं मी वाचलंच नाही असं समजते. अर्धं जाळून अर्धं ठेवायला तो काय अर्धवट विणलेला स्वेटर आहे? मी या कामात जन्म घालवला, भिंगरे. न येणाऱ्या बायकांचं पुढे काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस आणि पाहूही नयेस. १८ मार्चला जायचं. यात चर्चा नाही.

डॉक्टरीणबाईंवर डूख धरू नकोस. एका सकाळी अठरा बायका असतात आणि टेबल एकच. तोंडाने फटकळ आहे, पण हात चांगला आहे तिचा.

त्या वाक्याचं म्हणशील तर अशी पत्रकं कुणी एक माणूस लिहितं का? ऑफिसात होतात ती. फार जुनी गोष्ट आहे. तो शोध सोड आणि झोप नीट घे.

आणि हो, बधिर करायचं इंजेक्शन असतं. दुसऱ्या कपाटात, डाव्या हाताला, वरच्या फळीवर. मागितलं तर देतात. या वेळी माग.

आत्या


१४ फेब्रुवारी

आत्या,

"मागितलं तर देतात."

हे तीन शब्द मी चारदा वाचले. एकदा बसून, तू सांगितलंस तसं, आणि तीनदा उभ्याने, कारण बसवेना.

जी वस्तू आहे हेच बाईला ठाऊक नाही, ती तिने मागायची कशी? मी टेबलावर पाय वर करून पडलेली. छताकडे बघून अंदाजाने विचारायचं का, की बाई, तुमच्या दुसऱ्या कपाटात वरच्या फळीवर काही आहे का? तुला सांगते, आमच्या ड्रायव्हरसाहेबांची गेल्या वर्षी दाढ काढली. एवढा आडदांड माणूस, बस चालवतो, पण खुर्चीत बसायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आधी बधिर करतो." एक इंजेक्शन दिलं. हे कुरकुरले तर दुसरं दिलं. दोन! एका दाढेसाठी! कुणी म्हणालं नाही की अहो, एवढ्यासाठी? हे घरी येऊन दोन दिवस आइस्क्रीम खात पडून होते आणि मी सहकार्य करत होते.

आता एक सरळ प्रश्न विचारते. तुला ते कपाट माहीत होतं, फळी माहीत होती. तुझं स्वतःचं झालं तेव्हा तू मागितलंस का? की तू तशीच पडून राहिलीस आणि अर्ध्या तासात ड्युटीला लागलीस? कारण त्या दिवसापासून मी स्वतःला एकच विचारतेय, की आत्याला जमलं ते मला का जमलं नाही. एकाच घराण्यातल्या ना आपण?

इथली बातमी वाईट आहे. शिवणीच्या टेबलावरची ताई, जी रजिस्टरं शिवते, तिलाही तिथलंच बोलावणं आलंय. तीच तारीख, १८ मार्च. मी तिला डब्याच्या सुट्टीत सगळं सांगितलं, म्हणजे मी कशी उठले, कशी चालत आले, जरा रंगवूनच. तिने ऐकून घेतलं. मग बोलावण्याचा कागद काढला, चार तुकडे केले आणि कात्रणांच्या टोपलीत टाकला. म्हणाली, "तुझ्यासारखीला झेपलं नाही, मग माझी काय कथा." ती अवाक्षर जास्त बोलत नाही. मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आणि शोध चालू आहे. ओपीडीची ऑर्डर आलीये, तेच पत्रक पुन्हा छापायचं. फोरमन म्हणाले, जुन्या कामाचं पाकीट माळ्यावर आहे, त्यात मूळ हस्तलिखित असतं. सोमवारी काढतील. मग बघतेच कोण आहे तो चिमटेवाला.

भिंगरी


१८ फेब्रुवारी
(जलद टपालाने)

भिंगरे,

सोमवारी तुमचे फोरमन ते पाकीट उघडायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. तुला कळायचंच असेल तर माझ्याकडून कळू दे.

ते वाक्य माझं आहे.

ते लिहून बावीस वर्षं झाली. त्याच्याही आधी कापडाच्या दुकानात काम करणारी एक बाई होती, तिशीतली, हसरी. टेबलावर चढली, अवजारं पाहिली आणि उतरली. मी दारापर्यंत मागे गेले. "येते हां सिस्टर उद्या," म्हणाली. आली ती चार वर्षांनी. तेव्हा जाळण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळीकडे पसरलं होतं. ती गेली त्या दिवशी तिची आठ वर्षांची मुलगी माझा हात सोडेना. त्याच आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बायकांची भीती जाईल असं काहीतरी लिहून हातात द्यायला हवं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच लिहा सिस्टर. तुम्ही स्वतः करून घेतलंय, तुमच्याइतकं खरं कोण लिहिणार?"

मी बसून लिहिलं. चांगल्या मनाने लिहिलं, हे तरी तू मान.

आता तुझा प्रश्न. मी इंजेक्शन मागितलं होतं का? नाही. मागावंच लागलं नाही. मी टेबलावर आडवी झाले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर आपल्या आहेत, ती बाटली काढा." टोचलं, दोन मिनिटं थांबल्या आणि मग लावलं. मला चिमट्याइतकंच दुखलं. क्षणभर. जे झालं ते मी अगदी खरं लिहिलं, भिंगरे. त्यातली बाटली तेवढी लिहायची राहिली.

"विसरले" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय, दिसेल तुला. मी विसरले नव्हते. आठवायचं टाळत होते. वीस वर्षं बायकांची नखं माझ्या मनगटात रुतायची. मी वरून "झालं हं, झालं" म्हणायची आणि मनात म्हणायची, काय बाई नाजूक या, मी नाही का करून घेतलं! माझ्या खंबीरपणाचा मला भारी अभिमान होता. तुझ्या बापाला, तुला, अख्ख्या घराला मी तो ऐकवला. त्या बाटलीतला होता तो सगळा.

तुला जमलं नाही असं काही नाही. तू जे सोसलंस ते मी कधी सोसलेलंच नाही.

माझ्यावर हवी तेवढी आग पाखड. बोलू नकोस, लिहू नकोस. पण त्या डागाला माझ्यावरचा राग कळत नाही. १८ मार्चला जा. हात जोडून सांगते.

आत्या


१ मार्च

आत्या,

अकरा दिवस लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

सोमवारी पाकीट निघालं. धूळ झटकून फोरमननी माझ्यासमोर उघडलं. आत टाइप केलेला एक कागद होता आणि वर ऑफिसचा शिक्का. तुझं नाव नाही, तुझं अक्षर नाही, काही नाही. तू मूग गिळून बसली असतीस तर मला जन्मात कळलं नसतं. तुझं पत्र त्याच दुपारी घरी येऊन पडलं.

मला आधी हसू आलं. मग दुसऱ्या दिवशी मशीनमागे जाऊन रडले. पट्टा सैल झालाय असं सांगून अर्धा तास रडले.

मी तुला माफ केलंय असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. लहानपणी गुडघा फुटला की मी तुझ्याकडे बघून रडणं गिळायची. आत्या रडत नाही म्हणून. सव्वीस वर्षं मी तुझी नक्कल करत आले आणि ती नक्कल कशाची होती ते आता कळतंय. एवढा राग मला डॉक्टरीणबाईंचासुद्धा आलेला नाही. पण सापडली नसतीस तरी तू सांगितलंस, हेही मला दिसतंय. दोन्ही एकदम दिसतंय आणि कुठलं आधी धरावं ते कळत नाही.

म्हणून सध्या कामाचं बोलते.

१८ मार्चला मी जाणार. तुझ्यासाठी नाही. ताईच्या त्या चार तुकड्यांसाठी जाणार. ते मी टोपलीतून काढले आणि चिकटवून ठेवलेत. तिला अजून दिलेले नाहीत, कारण काय तोंडाने देऊ? मी टेबलावर झोपायच्या आधी ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर ठेवायची. मी लेबल वाचणार. तू यायचंस, दाराबाहेर बसायचंस, पळून जायचं नाही. आणि नवं पत्रक तू लिहायचंस. जिने बिघडवलं तिनेच सुधारायचं, छापखान्यात हाच नियम आहे.

जुनं पत्रक मी घडी घालणार नाही. फोरमनना सांगितलंय. ते म्हणाले, "आपलं काम घडी घालायचं, आत काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काय?" मी म्हटलं, "तुमची ती दाढ दुखतेय ना, ती उद्या इंजेक्शन न घेता काढून या. मग मी तुमची सगळी ऑर्डर एका दिवसात घडी घालते." गालाला हात लावून उभे राहिले बिचारे. मग म्हणाले, "कागद यायला उशीर झालाय असं कळवतो. पंधरा-वीस दिवस काढता येतील."

तेवढ्यात लिही.

भिंगरी


६ मार्च

भिंगरे,

काल ओपीडीत जाऊन आले. यंत्र कानात घालून गेले, म्हणजे ऐकू आलं नाही अशी सबब मला राहू नये.

डॉक्टरीणबाईंनी चहा मागवला. मी म्हटलं, चहा नंतर. "बाई, बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मला न मागता इंजेक्शन का दिलंत?" त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्यातल्या होतात, सिस्टर."

"मग बाकीच्या कुणातल्या होत्या?"

 त्या एकेक सबब काढायला लागल्या. ते इंजेक्शनही टोचतंच, मग बाईला दोनदा कशाला दुखवायचं. अठरा बायका, प्रत्येकीची दोन मिनिटं. मी म्हटलं, छत्तीस मिनिटं होतात. आपण चहाला त्याहून जास्त बसतो. मग त्या जरा चिडल्या. "मला शिकवलं तसं मी करत आले. आणि दुखतं असं छापलं तर बायका येणार नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात ना?" ते मात्र मला लागलं, कारण खरंच मीच म्हणाले होते.

मी तुझ्या ताईचं सांगितलं, नाव न घेता. म्हटलं, खोटं ऐकून बाई येते हो, पण एकदाच येते. मग स्वतः येत नाही आणि दुसरीलाही येऊ देत नाही. आपण एकीला आणायला वाक्य लिहिलं आणि त्याच वाक्याने दोघी घालवल्या.

 शेवटी बाई म्हणाल्या, "भाचीला देईन. जी मागेल तिला देईन. पत्रकाचं वरून मंजूर व्हावं लागतं, बघू." ते 'बघू' मी एकतीस वर्षं ऐकलंय, त्याचा अर्थ मला सांगायला नको.

मसुदा सोबत आहे. चार वेळा फाडला. मला लिहायला येत नाही, हे पहिल्यांदाच कळलं.

"उपचाराच्या वेळी थोडंसं दुखू शकतं. बधिर करायचं इंजेक्शन उपलब्ध आहे. हवं असल्यास सिस्टरांना सांगावं."

आत्या


९ मार्च

आत्या,

'थोडंसं' काढ. तुला ते मोजायचा हक्क नाही.

'दुखू शकतं' काढ. दुखतं.

'हवं असल्यास' काढ. नको असल्यास सांगावं, असं लिही. दाढेसारखं.

आणि इंजेक्शनही टोचतं हे लिही, नाहीतर आपण पुन्हा चिमट्यावर येऊ. आणि बाई थांबा म्हणाली तर थांबायचं, तेही लिही. ते माझ्यासाठी लिही.

मसुदा तुझाच आहे, तो फाडू नकोस. फोरमन म्हणाले, मंजुरी नसली तरी एक कच्ची प्रत काढून देतो, मोठ्या अक्षरात. दाढ काढून आलेत ते. इंजेक्शन घेऊन.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

बदल केले. जसे सांगितलेस तसेच, तुझ्या कच्च्या प्रतीत जाऊ देत. 'थोडंसं' काढताना हात अडला, खोटं सांगत नाही. सवय फार वाईट.

१८ तारखेला सकाळच्या बसने येते. दाराबाहेर बसेन. पळणार नाही.

आत्या


२० मार्च

आत्या,

तू चारच्या बसने गेलीस, म्हणून तुला शेवट माहीत नाही. ताईने आज डब्याच्या सुट्टीत सांगितला. पण आधी माझं ऐक, कारण बाहेर बसून तुला तेही ऐकू आलेलं नाही.

नव्या सिस्टरांनी बाटली आणली. मी लेबल वाचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समाधान?" मी म्हटलं, "अजून नाही, आधी टोचा." टोचलं. ते दुखलं गं, बारीक पण खोल. मग आम्ही तिघी गप्प बसून दोन मिनिटं काढली. आणि त्या दोन मिनिटांत, आत्या, दाराबाहेरून तुझा आवाज सुरू झाला.

तू यंत्र काढून ठेवलं होतंस ना? शिट्टी वाजते म्हणून? मला माहीत आहे तू ते कच्चं पत्रक शेजारच्या बाईला हळूच वाचून दाखवत होतीस. तुला वाटत होतं हळूच. यंत्र नसलं की तू किती मोठ्याने बोलतेस ते तुला कधी कुणी सांगितलेलं नाही, आता मी सांगते. तो अख्खा कॉरिडॉर, केसपेपरची खिडकी आणि बाहेरचा वॉचमन, सगळ्यांनी ऐकलं. "दुखतं! आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात! तेही टोचतं! नको असेल तर सांगा! थांबा म्हणालात तर थांबतील!" मग कुणीतरी काहीतरी विचारलं असणार, कारण तू त्याहून मोठ्याने म्हणालीस, "मला कसं माहीत? जुनं पत्रक मीच लिहिलं होतं! खोटं होतं ते! मी इंजेक्शन घेऊन लिहिलं होतं!"

आत डॉक्टरीणबाईंच्या हातात ते गरम टोक तसंच. मग त्या मला म्हणाल्या, "लावू?" पहिल्या वेळी नव्हतं विचारलं. मी म्हटलं, "लावा."

दुखलं. पोटात कळ आली, जड, पाळीतल्यासारखी. पण ती माझ्या हातात होती, मी घड्याळाकडे बघून मोजू शकत होते. सत्तावीसला मी "थांबा" म्हटलं, फक्त बघायला. थांबल्या. मी श्वास घेतला आणि पुन्हा लावा म्हटलं, आणि यावेळी पूर्ण चाळीस झाले. डाग गेला. सहा महिन्यांनी तपासायला जायचंय आणि मी जाणार आहे.

बाहेर आले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझा हात धरला. ती माफी होती असं समजू नकोस. ती अजून यायचीये. पण तुझ्या मनगटावर नखांचे जुने वण आहेत ना, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

आता ताईचं. मी तिला तो चिकटवलेला कागद आदल्या दिवशी दिला होता आणि एवढंच म्हटलं होतं की मी जातेय. ती आली हे तुला माहीत आहे, तुझ्या समोरच्या बाकावर कोपऱ्यात होती, राखाडी शालीतली. तिचा नंबर शेवटचा. तोवर बाहेरच्या सगळ्यांनी तुझं ऐकलेलं होतं. आत जाणारी प्रत्येक बाई दारातच इंजेक्शन मागत होती. एक तर म्हणे टेबलावर चढताना म्हणाली, "त्या बाहेरच्या ओरडणाऱ्या बाईंना दिलं तेच द्या."

ताई आत गेली तेव्हा बाटली संपलेली होती. कपाटात दुसरी नव्हती. आजवर एकाच दिवशी इतकी कधी लागलीच नव्हती. नव्या सिस्टर म्हणाल्या, "आज तशीच करून घ्या ना ताई, क्षणभराचं तर काम आहे." डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

आणि आपली ताई, जी अवाक्षर जास्त बोलत नाही, ती टेबलावर चढली नाही. स्टूल ओढून त्यावर बसली, शाल सारखी केली आणि म्हणाली, "मला घाई नाही. आणा तुम्ही, मी बसते."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्वतः स्टोअरला फोन केला. बाटली यायला पाऊण तास लागला. तोवर ताई बसून होती.

तुझी
भिंगरी